चुलीवरचा पहिला झुरका

सासऱ्यांचा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, धुतलेल्या सतरंज्या अंगणात वाळत पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात भर दुपारी बिडीचा वास यायला लागला. घरात बिडी ओढणारे ते एकटेच होते. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, सिगारेट ओढत, तीही ऑफिसबाहेरच्या पानठेल्यावर. माझा नवरा पान खाई. म्हणजे ओढणारा गेला होता आणि धूर मागे राहिला होता.

मी तेव्हा त्या घरातली नवी सून होते. लग्न माघात झालं आणि सासरे चैत्रात गेले, काही आजार नाही, बसल्या बसल्या. माझ्या हातावरची हळद अजून नीट उतरलीही नव्हती.

ज्यांनी नागपूरचा उन्हाळा काढला नाही त्यांना भीतीची वेळ म्हटली की रात्र आठवते. आमच्या सक्करदऱ्यात ती दुपार असायची. बारा वाजले की गल्ली ओस पडे, कुत्रीसुद्धा नालीच्या सावलीत जाऊन जीभ बाहेर काढून पडत. दारांवर खसाच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारलेलं, आत अंधार, आणि त्या अंधारात घरची माणसं जिथं जागा मिळेल तिथं फरशीवर पडलेली. अशा वेळी घरात कुणी चाललं तरी कळायचं. चाललेलं कुणी नसे, पण मागच्या अंगणाकडून वास मात्र यायचा, तेंदूच्या पानाचा, करपट आणि जरा गोडसर. त्याच्या मागून एक खोकला यायचा. दोनदा, थांबून. सासरे तसेच खोकत.

पहिल्यांदा हे तोंडावर आणलं ते जावेनं. ती उठून बसली आणि मला हळूच म्हणाली, "मामाजीचा वास येऊन राहिला वं." मी तिला म्हटलं की वस्तीत कुणीही ओढत असेल. ती म्हणाली, या उन्हात कोण मरायला बाहेर बसलंय?

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म घालवलेला माणूस. बोलणं मोजकं, आवाज मोठा. बिडी कट्ट्यातून, म्हणजे बंडलातून, काढली की आधी कानाशी धरून दोन बोटांत फिरवायचे, पान किती वाळलंय ते त्यांना आवाजावरून कळे. घरी असताना त्यांनी कधी माचिस ओढली नाही. माचिस बाहेरच्यासाठी, घरात चूल आहे, असा त्यांचा हिशेब. ते न बघता हात लांब करायचे आणि सासूबाई ती बिडी घेऊन चुलीपाशी जायच्या, चिमट्यानं निखारा उचलायच्या, बिडी स्वतःच्या तोंडात धरून एक झुरका ओढायच्या आणि पेटलेली बिडी आणून त्यांच्या बोटांत द्यायच्या. माझ्या माहेरी, भिवापूरकडच्या खेड्यात, घरोघरी हेच चाले. झुरका ओढल्याशिवाय बिडी पेटतच नाही, मग करणार काय? पण त्या झुरक्याला ओढणं कुणी म्हणत नसे. भाजीचं मीठ चाखलं म्हणजे बाई जेवली, असं कुणी म्हणतं का?

तंबाखूचं बायकांना वावडं होतं असंही नाही. सासूबाई तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायच्या, चारचौघांसमोर, ओसरीवर बसून. त्यांची डबी सापडली नाही तर भासरे स्वतः शोधून द्यायचे. धुराचं मात्र वेगळं. आमच्या मिरचीच्या वावरात तोडणीला येणाऱ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून बिड्या फुंकायच्या, आणि माझी आई मला तिकडे बघू द्यायची नाही. धूर सोडणारी बाई एकतर मजूर, नाहीतर तसली. घरंदाज बाईच्या तोंडून धूर निघतो ही गोष्ट कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नव्हती. तीच चूक आमच्या घरानं केली, आणि पुढचं सगळं त्या चुकीतून झालं.

भासऱ्यांनाही एका रविवारी तो वास आला. ते ताडकन उठले, मागच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. पुढं पाऊल टाकायची त्यांची हिंमत झाली नाही. मग त्यांनी सासऱ्यांच्या फोटोखालच्या कोनाड्यात एक बिडी पेटवून ठेवली. ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. विझणारच, बिडी म्हणजे उदबत्ती नव्हे. कुणी ओढत बसलं नाही तर ती आपली आपण जळत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्या दिवशी त्या विझलेल्या बिडीकडे आम्ही सगळे असे बघत बसलो की जणू सासऱ्यांनीच नको म्हटलं. शेवटी भासऱ्यांनी एक अख्खा कट्टा आणि माचिस कोनाड्यात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यातल्या बिड्या कमी झालेल्या. भासरे तिथंच खाली बसून रडले. त्यांना बाप परत मिळाल्याचा आनंद झाला होता आणि त्याच बापाची भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम.

सासूबाई तेव्हा तिथंच मिसरी लावत बसलेल्या.

भीती घरात शिरली की तिला बसायला एक माणूस लागतो. तो माणूस मी झाले. आधी शेजारपाजारच्या बायका कुजबुजल्या, मग जाऊ माझ्या हातचं पाणी फोटोसमोर ठेवेना, मग पांढऱ्या पायाची हा शब्द माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलला जाऊ लागला. चांगला धडधाकट माणूस सून घरात आल्याबरोबर जातो, आणि जाऊनही जात नाही, याचा अर्थ काय? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, तू मनावर घेऊ नको. मनावर घेऊ नको म्हणणारा माणूस मला जन्मभर आवडला नाही, आणि माझं लग्न नेमकं तसल्याशीच झालं.

मग रामटेककडचा एक जाणता आणला. म्हातारा, गळ्यात माळा, डोळे लाल. त्यानं घरभर फिरून वास घेतला, ओसरीवर बसून भासऱ्यांकडून बिडी मागून घेतली आणि ती ओढत ओढत सांगितलं की म्हाताऱ्याचा जीव नव्या सुनेच्या पायात अडकला आहे, ती वर्षभर माहेरी गेली तर तो सुटेल. धूर माझ्याच तोंडावर सोडत होता मेला. भासऱ्यांनी मान डोलावली. नवऱ्यानं जमिनीकडे बघितलं. माझ्या जाण्याचा दिवस ठरला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ जळते दिवस, संपायच्या आत.

वर्षभर म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गावात अशीच एक वर्षभरासाठी आलेली होती. माझ्या लहानपणापासून ती बापाच्या अंगणात मिरच्या वाळवत होती, आणि तिला न्यायला कधीच कुणी आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तेच अंगण यायला लागलं. मला फार भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. ज्याच्या पायी मला घालवत होते त्याला निदान एकदा तोंडावर विचारावं की बाबा, मी तुमचं काय वाईट केलं?

जायच्या आदल्या दुपारी वास आला तशी मी उठले. जावेनं माझं लुगडं धरलं, ते मी सोडवून घेतलं. मागचं अंगण पांढरं पेटलेलं होतं, पायांचे तळवे भाजत होते. अंगणाच्या टोकाला सरपणाची खोली, कवेलूचं म्हणजे कौलारू छप्पर, खिडकी नाही. दार अर्धवट लोटलेलं. आतून सासऱ्यांचा खोकला आला, दोनदा, थांबून. उन्हातून आल्यामुळे आतलं काहीच दिसेना, फक्त गोवऱ्यांच्या ढिगाजवळ, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक लाल ठिपका. तो ठिपका मोठा झाला, मग लहान झाला. मग खाली आला आणि तिथंच थांबला.

माझे डोळे अंधाराला सरावले तेव्हा आधी मनगट दिसलं, बांगडी नसलेलं. मग पांढरं लुगडं. मग सासूबाईंचा चेहरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बिडी पुन्हा तोंडाला लावली.

"बस," त्या म्हणाल्या.

मी गोवऱ्यांवरच बसले. त्यांना विचारलं की हा खोकला तर मामाजींचा. त्या म्हणाल्या, एकाच कट्ट्यातली बिडी, तर खोकला वेगळा कुठून येणार? मग आपण होऊनच सांगायला लागल्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या बिड्या पेटवून देत होत्या. रोजच्या किती, ते कुणाला ठाऊक? प्रत्येक बिडीचा पहिला झुरका त्यांचा. नवरा गेला, चुलीपाशी बिडी द्यायला येणारा हात गेला, आणि दहाव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की त्यांचं डोकं दुखतंय ते रडून नाही. मिसरी वाढवून बघितली, तिनं भागेना; मग घर आडवं व्हायच्या आधीच, भांड्यांच्या निमित्तानं, त्या मागं येऊन बसायला लागल्या.

मी म्हटलं, उद्या मला घालवताहेत. मग तुम्ही सांगून का टाकत नाही?

"सांगू कोणाले? अन् सांगितलं तं मानन कोण?"

मला संताप आला. मी म्हटलं, मी तर सांगणारच नाही, कारण मी सांगितलं तर विधवा सासूवर आळ घेतला म्हणून आजच घालवतील. पण मी गेले तर तुमच्या बिडीपायी गेले, एवढं ध्यानात ठेवा. सासूला असं बोलायची त्या काळी पद्धत नव्हती. त्यांनी बिडी भुईवर विझवली, उरलेलं थोटूक कनवटीला खोचलं आणि मिसरीची डबी उघडली. तेव्हा मला त्या अवेळच्या मिसरीचं कारण कळलं. तंबाखूचा वास लपवायला तंबाखूच.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीच्या वेळेच्या हिशेबानं सायकलरिक्षा दारात आला. माझी पत्र्याची पेटी ओसरीवर. नवरा पोचवायला येणार होता. मी फोटोला नमस्कार करायला वाकले आणि उठते तो सासूबाई माझ्या बाजूला उभ्या. त्यांनी कोनाड्यातून बिडी काढली, चुलीपाशी गेल्या, निखारा उचलला, बिडी पेटवली. आणि चालत ओसरीवर आल्या. सवयीनं मला वाटलं की आता त्या ती कुणाच्या तरी हातात देणार. त्या सासऱ्यांच्या आरामखुर्चीत बसल्या आणि दुसरा झुरका ओढला.

रिक्षावाला खाली उतरला. भासऱ्यांच्या तोंडाचा आ झाला. सासूबाईंनी धूर सोडला आणि अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झालं हे सांगावं तसं, म्हणाल्या, "धूर माझा आहे. तुमच्या बापाचा नाई. त्या सगळ्या बिड्या म्या ओढल्या. पोरीले कायले घालवता?"

मला वाटलं, सुटलो. दोघीही.

भासरे दोन पावलं पुढं आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते गुडघ्यांवर बसले, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत म्हणाले, "बाबा. आले तुम्ही."

जावेनं पदर पसरून जमिनीला कपाळ टेकलं. माझ्या नवऱ्यानंही टेकलं. रिक्षावाल्यानंसुद्धा चपला काढून हात जोडले. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, अरे मी आहे, तुमची माय. तर भासरे आणखीच रडायला लागले, की बाबा, मायच्या तोंडातून बोलायची पाळी आली तुमच्यावर, काय राहिलं तुमचं, सांगा.

त्या बाईनं त्या वाकलेल्या डोक्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून दिसते. तिच्यात थोडं हसू होतं, आणि फार मोठा कंटाळा. मग त्यांनी कोनाड्यातली दुसरी बिडी मागितली, ती कानाशी धरली, दोन बोटांत फिरवली, आणि दोनदा खोकल्या. त्यानंतर जो आवाज निघाला तो मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

"सून कुठी जाणार नाई. त्या बुवाले पुन्हा या दारात आणायचं नाई. अन् रोज दुपारी चुलीवर पेटवून बिडी पाह्यजे मले, इथं, खुर्चीवर."

बारा वाजून गेलेले, ऊन डोक्यावर, सगळी जागी माणसं, आणि मला पळून जावंसं वाटत होतं. नाटक म्हणावं तर त्या बाईला नाटक कुठं माहीत होतं?

पेटी परत आत गेली. त्या दिवसापासून सासूबाई रोज दुपारी ओसरीवर, खुर्चीत बसून, सगळ्यांसमोर बिडी ओढायच्या. बिडी संपेपर्यंत घरचे त्यांना बाबा म्हणत. संपली की त्या पुन्हा माय होत आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला जात. शेजारच्या ज्या बायका एरवी नाक मुरडायच्या त्या त्या वेळी येऊन पाया पडायच्या. मेलेल्या पुरुषाच्या नावानं बाई बिडी ओढू शकते, जिवंत बाईच्या नावानं नाही. बिडी पेटवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिला झुरका माझा असे, आणि त्याबद्दल मी जास्त काही सांगणार नाही.

अशी बरीच वर्षं गेली. एकदा सासूबाई आणि मी मुगाच्या वड्या घालत होतो तेव्हा मी विचारून टाकलं, की आत्याबाई, तो त्या दिवशीचा आवाज तुमचाच ना? त्यांनी हातातली वडी घालून घेतली.

"पह्यल्या दिवशी मीच होतो वं पोरी. आता रोज खुर्चीत बसल्यावर कोण राह्यते, मले बी समजत नाई. मी आपली बिडी ओढून राहिलो, ते तो ओढून घेते. मले पुरतच नाई."

असं म्हणताना त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया आली, आणि सासऱ्यांचा राग आला, या वेळी तिच्यासाठी. जिवंतपणी एक झुरका तरी तिचा होता. आता तोही गेला होता.

वस्तीत पहिला टीव्ही आला त्या वर्षी त्या गेल्या. तेराव्याला पंगत बसली. भासऱ्यांनी फोटोंपुढं दोन पानं मांडायला लावली. सासऱ्यांच्या पानावर भात, वरण, पुरण, आणि कडेला बिडीचा कट्टा. सासूबाईंच्या पानावर पेढ्याएवढी खव्याची बर्फी. मायले गोड फार आवडे, असं भासरे सगळ्यांना सांगत होते. तिनं जन्मात गोडाला हात लावला नव्हता. दाताला ठणका लागे तिच्या.

मला तिथं उभं राहवेना. मी त्या पानावरची बर्फी एका ताटलीत घेतली, कट्ट्यातली एक बिडी काढली. चूल जाऊन गॅस आला होता. गॅसवरच पेटवली, रीतीप्रमाणे पहिला झुरका ओढला आणि ती बिडी बर्फीशेजारी ठेवून ताटली सरपणाच्या खोलीत नेली, गोवऱ्यांच्या जागेवर. घे, ही तुझी, असं मी मोठ्यानं म्हटलं. दार लावून घेतलं आणि येऊन वाढायला लागले.

पंगत अर्ध्यावर असताना वास आला. तेंदूच्या पानाचा, करपट, गोडसर. सगळ्यांचे हात थांबले. भासऱ्यांनी घास खाली ठेवून हात जोडले.

"बाबा आले," ते म्हणाले.

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं. म्हटलं, बाबा नाही, आत्याबाई आहेत.

त्यांनी माझ्याकडे अशा समजुतीनं बघितलं, जसं लहान मुलाकडे बघतात. "मायनं जन्मात बिडीले हात नाई लावला," ते म्हणाले, आणि पुन्हा जेवायला लागले.

हात धुतले आणि मी मागं गेले. ऊन होतं, अंगणात कुणी नव्हतं, दाराची कडी मी लावली होती तशीच. ताटलीत बर्फीला मुंग्या लागल्या होत्या. बिडी दोऱ्यापर्यंत ओढलेली होती.